साठ ब्रासचं घर

नववीच्या वर्गाला एक निबंध दरवर्षी ठरलेला असतो. मराठीत 'माझ्या स्वप्नातले घर' आणि उर्दूत 'मेरे ख़्वाबों का घर'. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे एकाच महिन्यात स्वप्नातली शंभरेक घरं आमच्या लाल पेनाखालून जातात. बहुतेक घरांना बाग असते. बागेत झोपाळा, दारात गाडी, वर गच्ची, गच्चीतून दिसणारा चंद्र. पनवेलच्या जुन्या गावात दोन खोल्यांत सात माणसांसोबत राहणारी मुलं ही बाग कुठून आणतात, ते आम्हाला ठाऊक आहे. गाइडमधून आणतात.

यंदा एका वहीत बाग नव्हती. मुलीचे वडील दगडखाणीवर कामाला जातात. तिला खडकात कोरलेलं घर हवं होतं. आजवर सहा वेळा बिऱ्हाड हललं, आणि खडकातलं घर रिकामं करा असं कुणी सांगू शकणार नाही, एवढंच कारण तिने दिलं होतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका भरपूर होत्या. त्या दुरुस्त करून आम्ही दहापैकी आठ गुण दिले. पण तो निबंध डोक्यातून जाईना, कारण त्याच आठवड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात नोटीस लागली होती. इमारत धोकादायक आहे, पावसाळ्याच्या आत खाली करावी.

मगरिबनंतर जेवायला बसलो तेव्हा मुलीचं नाव न घेता हे घरात सांगितलं. घरात आम्ही पाच माणसं: दोघं आम्ही, अम्मी, आणि दोन मुलं. थोरली दहावीला, धाकटा सातवीत. नोटिशीवर बोलायला कुणालाच नको होतं. त्यामुळे सगळे हौसेने खडकातल्या घरावर तुटून पडले. त्या रात्री साडेअकरापर्यंत आम्ही डोंगर पोखरत होतो.

आधी दार कुठल्या दिशेला असावं, हा प्रश्न आला. कोकणातला पाऊस नैऋत्येकडून येतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेचं. म्हणजे दार पूर्वेला हवं. पूर्वेला दार म्हटल्यावर अम्मी लगेच म्हणाल्या, "मग आतली भिंत आपोआप किब्ल्याची झाली." आम्ही चमकलो. पनवेलहून किब्ला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलता. म्हणजे या घरात सगळ्यात आतल्या खोलीत नमाजला उभं राहिलं की समोर अख्खा डोंगर. त्या भिंतीत अम्मींनी मेहराबीसारखा एक कोनाडा मागितला, कुराण शरीफ ठेवायला एक उंच ताक, आणि गुडघे दुखतात म्हणून बसायला एक दगडी बाक. थोरलीने दोन्ही बाजूंना पुस्तकांसाठी फडताळं मागितली, दगडातच कोरलेली, म्हणजे वाळवी लागायला नको.

धाकट्याने पाण्याचं बघितलं. गेल्या वर्षी शाळेच्या सहलीला तो कर्नाळ्याला गेला होता. किल्ल्यावरच्या सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी आणि धान्याची कोठारं आहेत. तिथे वर मधमाश्यांची पोळी असतात म्हणून मुलांना गप्प राहायला सांगतात, आणि गप्प बसावं लागल्यामुळेच बहुधा त्याने ती टाकी नीट पाहिली. त्याचं म्हणणं, आपल्याही घराला दाराबाहेर असं टाकं हवं. उन्हाळ्यात देहरंग धरण तळाला गेलं की आमच्या भागात पाण्याची काय दशा होते, हे पनवेलकरांना सांगायला नको. पाच तलावांचं गाव, आणि मे महिन्यात टँकरच्या मागे धावणारी माणसं.

त्याची कल्पना जुनीच आहे. बोरिवलीच्या कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत, आणि लेण्यांच्या दाराशी अशीच टाकी आहेत. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी बारीक पन्हळींनी त्यांत उतरवलेलं. तिथल्या प्राकृत शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटलंय. गुहेला 'लेण' म्हटलंय, तेच आपलं लेणं. कार्ल्याच्या शिलालेखात आणखी एक शब्द येतो, 'सेलघर', म्हणजे शैलगृह. थोरलीला हा शब्द इतका आवडला की वहीवर तिने मोठ्या अक्षरात तोच लिहिला आणि खाली पाच जणांची नावं घातली.

आता हिशेब. दगड, खडी, वाळू आपल्याकडे ब्रासमध्ये मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. बारा बाय दहाची एक खोली, नऊ फूट उंच, म्हणजे 1,080 घनफूट, जवळपास अकरा ब्रास दगड. एका खोलीचा! काळ्या दगडाचं वजन धरलं तर सुमारे पंच्याऐंशी टन. आमचं सेलघर आम्ही आखूडच आखलं होतं, सगळं मिळून साडेचारशे चौरस फूट. तरी चाळीस ब्रास पक्का खडक काढावा लागणार, आणि फोडलेला दगड फुगतो, म्हणून बाहेर ढीग पडेल साठ ब्रासचा. धाकट्याचे डोळे चमकले. बाकीचे लोक घरासाठी खडी विकत आणतात, आपण घर बांधता बांधता खडी विकू! त्याला सांगावं लागलं की बाबा, जमीन तुझी असली तरी तिच्यातलं गौण खनिज सरकारचं. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 48 आहे. तहसीलदारांची परवानगी, स्वामित्वधन, वाहतुकीचा पास. पोखरायला डोंगर तरी कुठला? कर्नाळा 1968 पासून पक्षी अभयारण्य, माथेरानच्या आसपास पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील पट्टा. मुलं एकदम हिरमुसली, जणू घर उद्याच कोरायला घेणार होतो.

स्वयंपाकघर मात्र कुणाला आठवलंच नाही. ते आठवलं अम्मींना, आणि त्यातून गाडी कुडा-मांदाडकडे वळली.

अम्मींचं माहेर म्हसळ्याकडचं. राजपुरीच्या खाडीच्या बाजूला कुडा गावाजवळ डोंगरात सव्वीस लेणी आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपास जुनी. लहानपणी बकऱ्या शोधत त्या तिथवर जात. पावसाचं चुकून पहिल्याच लेण्यात शिरायच्या. लग्नानंतर एकदा आम्हा सगळ्यांना त्यांनी तिथे नेलं होतं. आत आठ-नऊ फुटांच्या कोठड्या आणि कोठडीत झोपायला दगडाचाच ओटा. अम्मींनी ते सगळं बघून एकच प्रश्न विचारला होता, "यांची चूल कुठेय?" त्या कोठड्यांत चूल नव्हती. राहणारे भिक्षू, जेवण भिक्षेचं. एका बाजूलाच तोंड असलेल्या खडकाच्या पोटात चूल पेटवली तर धूर जाणार कुठे? अम्मींचं मत असं की चूल नाही, पोरं नाहीत, बाळंतपण नाही, पाहुणे नाहीत, तर अशा जागेला घर म्हणायचंच कशाला. त्याला राहायची जागा म्हणा.

आम्हाला कुड्याची दुसरी गोष्ट लक्षात राहिली होती, ती त्या रात्री सांगितली. ही लेणी कोरायला पैसा कुणी दिला, ते तिथल्या भिंतींवर लिहिलेलं आहे. राजघराण्यातली माणसं आहेतच, पण एक माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्याच्या घरातला माणूस आहे, बायका आहेत. यांतलं कुणी त्या लेण्यात राहायला गेलं नाही. ज्यांना घरच नाही अशा फिरत्या भिक्षूंना पावसाळ्यात आसरा मिळावा म्हणून त्यांनी ती दिली. ती माणसं स्वतः राहिली माती-लाकडाच्या घरांत, आणि त्या घरांचा आज मागमूस नाही. माळ्याने फुलं विकून जमवलेला पैसा डोंगरात घातला, आणि रात्री तो परत आपल्या गवताच्या छपराखाली गेला असेल.

थोरली म्हणाली, "म्हणजे आज डिपॉझिट आपण भरायचं आणि राहायचं दुसऱ्याने!" असं म्हटलं तर असं.

कार्ले ज्यांनी नीट पाहिलं असेल त्यांना आठवेल. चैत्यगृहाच्या कमानदार छताला लाकडाच्या फासळ्या आहेत, खऱ्या लाकडाच्या, शतकानुशतकं टिकलेल्या. दगडाच्या छताला फासळ्यांचा आधार लागत नाही. पण कारागिरांच्या डोळ्यांसमोर होतं ते लाकडी घर: वासे, तुळया, खिडक्यांच्या जाळ्या. दगडात कोरताना त्यांनी तेच कोरलं. कोरण्याची रीत मात्र बांधण्याच्या उलटी. आपण पायापासून वर जातो, ते वरून खाली येत. आधी छत, मग खांबांचे माथे, मग खांब, शेवटी जमीन. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट राहिलंय, तिथे हे काम कुठवर आलं होतं ते दिसतं. वेरूळचं कैलास लेणंही असंच डोंगराच्या माथ्यावरून खाली उतरवलेलं. परांची नको, विटा नकोत, चुना नको. फक्त एकदा उडालेला टवका परत चिकटत नाही.

इथवर सगळं खेळीमेळीत चाललं होतं. मग अम्मी म्हणाल्या, "डोंगरात घरं कोरणारे समूद पण होते."

सूरह अल-हिज्रमध्ये त्यांचा उल्लेख आहे. हजरत सालेह (अ.) यांची कौम डोंगर कोरून त्यांत निर्धास्त राहत असे, आणि एका सकाळी जो भयंकर आवाज आला त्यापुढे त्यांचं काही कामाला आलं नाही. तबूकच्या सफरीत तिथून जाताना हुजूर (स.) यांनी सोबत्यांना बजावलं होतं की रडत असाल तरच आत जा, नाहीतर जाऊ नका. सौदी अरबस्तानात अल-उलाजवळ ती जागा आज लोक बघायला जातात. 2008 साली ती जागतिक वारसा यादीत आली. आज तिथे उभं दिसणारं भव्य कोरीवकाम अभ्यासकांच्या मते नबाती लोकांचं आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मागचं-पुढचं, आणि त्या शंभरावर कोरलेल्या जागा कबरी आहेत. त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध कबर, कस्र अल-फरीद, खालच्या बाजूला अपुरी राहिली आहे. तिथले कारागीरही वरून खालीच येत होते.

धाकटा घाबरला. मग खडकात घर करणं गुनाह आहे का, म्हणून विचारू लागला. अम्मींनी त्याला जवळ घेतलं. गार-ए-हिरा डोंगरातच आहे ना, म्हणाल्या. गार-ए-सौरमध्ये तीन रात्री आसरा मिळालाच ना. अस्हाब-ए-कहफ तर तीनशे नऊ वर्षं गुहेत झोपले. अल्लाहने गुहेत आसरा दिलाय, अनेकदा दिलाय. पण बघ, त्यांतला प्रत्येक जण बाहेर आला. तिथे कुणी बिऱ्हाड मांडलं नाही.

आम्हाला, शिक्षकांना, असं उत्तर सुचलं नसतं. आम्ही इटलीतल्या मातेरा शहराचं उदाहरण देत बसलो असतो. ते उदाहरणही आहे तसं ऐकण्यासारखं. तिथे खडकात कोरलेल्या घरांत गरीब कुटुंबं पिढ्यानपिढ्या राहत, एकाच गुहेत माणसं आणि जनावरं, ओल, मलेरिया. 1952 मध्ये सरकारने कायदा करून तिथल्या सुमारे 15,000 लोकांना नव्या वसाहतींत हलवलं. 1993 ला त्याच गुहा जागतिक वारसा झाल्या, आणि आता तिथे हॉटेलं आहेत, पर्यटक पैसे मोजून गुहेत झोपतात. म्हणजे खडकातलं घरही रिकामं करायला सांगता येतं. त्या मुलीच्या वहीत आम्ही हे लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही.

आमच्या रायगड जिल्ह्यात डोंगराच्या भरवशाबद्दल कुणाला वेगळं शिकवायची गरज नाही. मुंबई-पुणे रस्त्याने जाताना इरशाळगड दिसतो. 19 जुलै 2023 च्या रात्री त्याच्या कुशीतल्या ठाकर आदिवासींच्या इरशाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 माणसं मिळालीच नाहीत, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. आमच्या शाळेतून तेव्हा चादरी आणि भांडी गोळा करून पाठवली होती. वाचलेल्यांना नंतर सिडकोने चौकजवळ घरं बांधून दिली, सपाटीवर. पनवेलच्या दुसऱ्या बाजूला याच्या उलट झालं. विमानतळासाठी उलव्याची टेकडीच सुरुंग लावून सपाट केली, नदीचा प्रवाह वळवला. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. डोंगर अढळ असतो असं आपण कवितेत शिकवतो. पनवेलची मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करतात.

विमान उडो न उडो, घरांचे भाव आधीच उडाले होते. आणि आम्हाला भाड्याचं का होईना, घर शोधायचं होतं.

आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. कोकणी मुसलमानांत अशी आडनावं घरोघरी, गावावरून पडलेली. त्यामुळे फोनवर सगळं छान चालतं. "या ना सर, फ्लॅट रिकामाच आहे, हवेशीर आहे, शाळा जवळ आहे." मग एजंट पूर्ण नाव विचारतो. नाव सांगितलं की पलीकडे दोन क्षण शांतता, आणि मग सांगतो की मालकांशी बोलून कळवतो. कळवत कुणी नाही. एकाने मात्र स्पष्ट सांगितलं, आणि आम्हाला तो त्यातल्या त्यात बरा वाटला. सोसायटीत चालणार नाही म्हणाला, तुमचा वेळ कशाला घालवू. एका मालकीणबाईंनी "तुम्ही तर बोलता अगदी आमच्यासारखं," असं कौतुकाने म्हटलं. आम्ही वीस वर्षं त्यांच्याच भाषेची व्याकरणं तपासतोय, दुसरं कसं बोलणार? घर त्यांनीही दिलं नाही. अशी चौदा घरं झाली. धाकटा वहीत खुणा करत होता. चौदाव्यानंतर त्याने खुणा करणं सोडलं.

या दिवसांत आम्ही ते सेलघर रोज थोडं थोडं कोरत राहिलो. सकाळी एजंटकडे जायचं, रात्री डोंगरात. थोरलीने मोजपट्टी घेऊन नकाशा काढला. छतावरून पाणी आत ओघळू नये म्हणून दारावर कपाळपट्टी खोदली, खाली पन्हळ. मधल्या खोलीत उजेड येत नाही म्हणून बाहेर एक चुना लावलेली भिंत उभी केली, तिच्यावरून सकाळचं ऊन आत परतेल अशी. चुलीसाठी दाराजवळची जागा दिली, वर धुराडं. अम्मींनी अट घातली की एक कोठडी कुलूप नसलेली ठेवायची, आल्यागेल्यासाठी. कुड्याच्या माळ्याचं त्यांनी मनावर घेतलं होतं. वाटणीचा वादही झाला, कारण शरियतप्रमाणे मुलीचा हिस्सा आहे. डोंगराची भिंत कुठून चिरायची? आमच्या आजोबांचं म्हसळ्याचं घर वाटणीपायी विकलं गेलं, सहा भावंडं, तीन खोल्या, कुणालाच पुरेना. थोरली म्हणाली, हे घर वाटायचं नाही, वाढवायचं. ज्याला खोली हवी त्याने आपली आपण आत कोरावी. सेलघरात एवढी एक सोय खरीच आहे.

शेवटी जागा मिळाली, अल्हमदुलिल्लाह. नमाजी माणसांच्याच ओळखीने मिळाली, तळोज्याच्या दिशेला, चौथा मजला, भाडं आधीपेक्षा चार हजारांनी जास्त, करार अकरा महिन्यांचा. दार उत्तरेला आहे. किब्ल्याच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचं न्हाणीघर येतं, पाण्याचा आवाज येतो. अम्मींना ताक हवा होता म्हणून एका गवंड्याला विचारलं. भिंत चार इंची आहे, म्हणाला. कोनाडा खोदला तर पलीकडच्यांच्या घरात उजेड पडेल. त्याने लाकडाची फळी ठोकून द्यायचं कबूल केलं.

सामान बांधायला घेतलं. कपाटं, गाद्या, भांडी यांचं काही नाही. अडलं पाट्यापाशी. अम्मींचा पाटा-वरवंटा काळ्या दगडाचा, त्यांच्या सासूबाईंचा. दरवर्षी टाकी लावून घेतलेला, त्यामुळे मधोमध खोल गेलेला. मिक्सर आल्यापासून तो वापरात नाही, फक्त बकरी ईदला मसाला त्याच्यावर वाटला जातो. टेंपोवाला म्हणाला हा इथेच सोडा, पाठीला लागेल. जिना अरुंद, नव्या इमारतीची लिफ्ट कधी चालते कधी नाही. पाच बिऱ्हाडं हा पाटा आमच्याबरोबर फिरलाय, प्रत्येक वेळी कुणीतरी हेच म्हणालंय.

धाकट्याने तो मोजला. लांबी, रुंदी, जाडी, मग भागाकार. ब्रासच्या हजारातलेही चार भाग भरत नाहीत म्हणाला. मग त्याने आणि आपाने मिळून तो गोणपाटात गुंडाळला, दोन्ही टोकांना दोरी बांधली, आणि अम्मी वरून सांगत राहिल्या, "सावकाश, बाळांनो, पायरी बघून," आणि तो जिन्याने खाली गेला.